प्रभूचे नाव हा मंत्र नव्हे

मिरज तालुक्यातील म्हैसाळ गावी 20 जून 2022 रोजी एकाच घराण्यातील नऊ जण मृतावस्थेत आढळले. आरंभी ती आत्महत्या वाटली. परंतु गुप्तधनाच्या आशेने ज्याला त्यांनी जवळ केले, त्या मांत्रिकानेच त्यांना विष दिले, असा आरोप ठेवून पोलिसांनी त्याला व त्याच्या साथीदाराला धरले. न्यायनिवाडा हे न्यायालयाचे काम. आपणांपुढे प्रश्न निराळा आहे : शास्त्र जादूटोण्याचा निषेध करते, तो त्यात खरे सामर्थ्य आहे म्हणून काय?

पुष्कळ भाविक म्हणतात, 'शास्त्रात चेटूक सांगितले आहे, तेव्हा त्याला भ्यालेच पाहिजे.' आम्हांस हे अनुमान चुकीचे वाटते. अनुवादाच्या 18 व्या अध्यायात शकुन पाहणारे, मंत्र घालणारे व मृतांना विचारणारे यांना मनाई केली आहे, आणि लगेच पुढे देव आपला संदेष्टा उभा करील, त्याचे ऐकावे, असे सांगितले आहे. म्हणजे खरा प्रश्न आपण कोणाचे ऐकतो हा आहे. शौल राजा वेषांतर करून रात्री एन-दोरच्या स्त्रीकडे गेला; त्याला तेथे मिळाली ती केवळ उद्याच्या मरणाची वार्ता. फिलिप्पै येथील दासीचे धनी पौलावर उठले, ते आपल्या कमाईची आशा गेली म्हणून. इफिसकरांनी तर 50,000 रुप्याच्या नाण्यांची जादूची पुस्तके जाळली. ती विकून पैसा करता आला असता, पण त्यांनी तसे केले नाही. भय व लोभ हीच या पापाची दोन मुळे होत.

आता एक कठीण वचन पाहू. निर्गम 22:18 मध्ये चेटकिणीला जिवंत ठेवू नये अशी आज्ञा आहे. याच वचनाच्या आधारे युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकांत हजारो जणांना मारण्यात आले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनी ते केले, ही आपल्याला लाज वाटावी अशी गोष्ट आहे. आपल्या खेड्यांतही लेकरू आजारी पडले किंवा म्हैस आटली, की एखाद्या निराधार विधवेकडे बोट दाखवले जाते. परंतु ज्या नियमशास्त्रात ती आज्ञा आहे, त्यातच एका साक्षीवर कोणाला दोषी ठरवू नये असेही आहे. आणि शोमरोनातील शिमोन जादूगाराला पेत्राने काय सांगितले? पश्चात्ताप कर व प्रार्थना कर. कृपेच्या कराराखाली राहणाऱ्या आपणांस हाच कित्ता आहे.

साताऱ्यात जन्मलेले व मिरजेत वैद्यकी शिकलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर हे जादूटोण्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून अनेक वर्षे झटले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. थोड्याच दिवसांनी वटहुकूम निघाला, व डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. करणी केल्याचा आळ घेऊन कोणास छळणे, अथवा साप चावलेल्यास औषधोपचारापासून रोखून मंत्र-गंडे देणे, यांस त्यात सहा महिने ते सात वर्षे कैद आहे. दाभोलकर आपल्या विश्वासाचे नव्हते. तथापि छळल्या जाणाऱ्या शेजाऱ्याचा कैवार त्यांनी आपल्यापैकी पुष्कळांहून अधिक घेतला, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो.

आपण मात्र निर्दोष आहो काय? स्किवाच्या सात पुत्रांनी येशूचे नाव मंत्रासारखे वापरले, आणि ते घायाळ होऊन उघडेनागडे पळाले. आजाऱ्याच्या उशाखाली शुभवर्तमान ठेवून निश्चिंत होणारा, किंवा 'औषध घेतले तर विश्वास उणा पडेल' असे सांगणारा उपदेशक त्यांच्याहून निराळा कोठे आहे? ताईत बदलला, पण मन तेच राहिले. लूक हा वैद्य होता. डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय काढले, ते प्रभूच्या नावाने. पण हातात शस्त्रक्रियेची हत्यारे घेऊन.

म्हणून, उपदेशक बंधूंनो, मध्यरात्री कोणी 'साप चावला' म्हणून दार ठोठावले, तर मांत्रिकाचे घर दाखवू नका, आणि प्रार्थनेसाठी त्याला घरात खोळंबवूही नका. गाडी जोडा, दवाखान्याची वाट धरा, आणि प्रार्थना वाटेत करा.