आंबवणारा कोण?

‘हे मी केले’ असे म्हणताना त्या करण्यात आपला वाटा नेमका किती असतो? गीतेचा अठरावा अध्याय सांगतो की कोणतेही कर्म घडायला अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे लागतात. पाचही असताना एकट्या ‘मी’कडे कर्तेपण घेणाऱ्याची दृष्टी अपुरी, असा तिथला रोख आहे. यावर हमखास येणारा आक्षेप असा की कर्तेपण वाटून टाकले की जबाबदारीही पातळ होते. मला हे पटत नाही. जबाबदारी करण्यातून येत नाही, जाणण्यातून येते. म्हणून कर्तेपणाचा दावा सोडल्यावरही ती तसूभर कमी होत नाही. हे तपासायला असे काम हवे ज्यात माणसाचा वाटा वेगळा काढून पाहता येईल. घरच्या घरी अतिशय कडक बिअर बनवणे हे तसे काम आहे.

बव्हेरियातल्या १५१६ च्या प्रसिद्ध फर्मानात बिअरसाठी बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक दिले होते. यीस्टचा उल्लेखही नव्हता. साखरेची दारू यीस्टची जिवंत पेशी करते, हे एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चरच्या प्रयोगांनी पक्के झाले. साध्या बिअरमध्ये ही पेशी माणसाच्या बऱ्याच चुका पोटात घालते. इंग्लंडातल्या बार्लीवाइनसारख्या कडक बिअरमध्ये मात्र तसे होत नाही. माल्टच्या काढ्याची सुरुवातीची घनता १.१०० असेल, तर दाट साखर आधी पेशीतले पाणी ओढते आणि पुढे पेशीने स्वतःच तयार केलेले अल्कोहोल तिच्या आवरणावर घाला घालते. ते आवरण टिकवायला लागणारी स्टेरॉल्स बनवायची तर प्राणवायू हवा, आणि काढा उकळताना तो जवळजवळ निघून गेलेला असतो. म्हणून काढा थंड झाल्यावर त्यात प्राणवायू भरपूर मिसळावा लागतो. वीस लिटरसाठी ३६० अब्जांच्या आसपास पेशी लागतात, म्हणजे १.०५० च्या बिअरच्या जवळजवळ दुप्पट. त्यासाठी अनुभवी लोक आधी एक हलकी बिअर करतात आणि तिच्या तळाचा ताजा साका वापरतात. पहिले काही दिवस तापमान १८ अंशांच्या आसपास आवरून धरतात. ते चढू दिले तर जड अल्कोहोले वाढतात आणि घोट घशाला जाळतो.

या सगळ्या कामांचा काळ पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. माणसाचे निर्णायक काम जवळजवळ सगळे पहिल्या काही दिवसांत आणि त्याच्याही आधी उरकलेले असते. उशिरा दिलेला प्राणवायू बिअरची चव शिळी करतो. किण्वन अर्ध्यावर अडले, तर दहा टक्के अल्कोहोलात नव्याने टाकलेले यीस्ट बहुधा तगत नाही. बाकीचे काम यीस्टनेच करायचे असते.

इथे कुणी म्हणेल की यीस्ट हे निव्वळ साधन आहे. एडुआर्ड बुखनरने १८९७ मध्ये पेशी चिरडून काढलेल्या रसानेही साखर आंबते हे दाखवले. मग हे सारे रसायनच ठरते. पण तो रस आला पेशीतूनच, आणि कडक बिअरमध्ये आंबवणे जेवढे अवघड, त्याहून तगून राहणे अवघड. तगण्याचे काम जिवंत पेशीच करते. दुसरा आक्षेप असा की यीस्टचे वाण माणसानेच निवडले आहेत. कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सनने १८८३ मध्ये एका पेशीपासून शुद्ध वाण वाढवला, हे खरे. तरी त्याने असलेल्यांतून एक निवडले. निवडणे म्हणजे घडवणे नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे: यीस्टच खरे आंबवणारे, तर बिअर फसल्यावर दोषही यीस्टलाच द्यावा. श्रेय वाटून घ्यायचे आणि दोष एकट्याने सोसायचा, हा कुठला न्याय? न्याय असा की गीतेच्या त्या पाच कारणांत पुढचे जाणणारा एकच आहे. समोरचा काढा किती दाट आहे, आपल्या संख्येला तो पेलेल का, हे यीस्टला कळत नाही. माणसाला पेशी टाकण्यापूर्वीच कळते. कळूनही त्याने निम्म्याच पेशी टाकल्या, तर पुढचे सगळे यीस्टने केले असले तरी जाब त्यालाच द्यावा लागेल. पेला भरून देण्यालाही हाच नियम लागू आहे. अकरा टक्क्यांची बिअर साध्या बिअरच्या मापाने पाहुण्यापुढे ठेवली, तर नशा चढवणारे हात यजमानाचे नसतात, पिण्याचा निर्णयही त्याचा नसतो. पण पेल्यात काय आहे हे त्याला ठाऊक असते, आणि ते आधी सांगणे त्याला चुकत नाही. अकर्तेपणाचा विचार अहंकार काढून घेतो, सबब मात्र हाती देत नाही.