बेवारस कोणाला म्हणावे?

ख्रिस्तसभेने दयेची सात शारीरिक कृत्ये सांगितली आहेत. भुकेल्याला अन्न द्यावे, तहानलेल्याला पाणी द्यावे, उघड्याला वस्त्र द्यावे, परक्याला आसरा द्यावा, आजाऱ्याचा समाचार घ्यावा, बंदिवानाला भेटावे आणि मृताला मूठमाती द्यावी. यांपैकी पहिल्या सहा कृत्यांचा आधार मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात सापडतो. सातव्याचा उल्लेख तेथे नाही. ते तोबीतच्या ग्रंथावरून परंपरेने या मालिकेत आले. पहिल्या सहा कृत्यांत घेणारा जिवंत असतो. त्याची भूक भागते, त्याला ऊब मिळते, तो आभार मानू शकतो. सातव्या कृत्यातल्या घेणाऱ्याला यांपैकी काहीच शक्य नसते. मग या कृत्याची गणना दयेत का व्हावी? आणि तो मृत माणूस आपल्या नात्यागोत्याचा नसेल, त्याचे नावसुद्धा कोणाला ठाऊक नसेल, तर आपण त्याचे नेमके काय देणे लागतो?

तोबीत हा निनवे नगरीत हद्दपारीचे जिणे जगणारा मनुष्य. सणाच्या दिवशी जेवणाचे ताट समोर आलेले असताना त्याचा मुलगा सांगत येतो, की आपल्या लोकांपैकी एकाला ठार करून चौकात टाकून दिले आहे. तोबीत ताटावरून उठतो, तो देह उचलून आणतो आणि सूर्य मावळल्यावर खड्डा खणून पुरतो. शेजारी त्याची टर उडवतात, कारण याच कृत्यापायी पूर्वी त्याच्या जिवावर बेतले होते. या कथेतील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. त्या मृताचे नाव ग्रंथात कोठेही दिलेले नाही. जेवण सोडून उठण्यासाठी तोबीतला तेवढी माहिती लागली नाही.

हा प्रश्न केवळ प्राचीन ग्रंथातला नाही. नॉर्वेमधील बर्गन शहराजवळ इसदालेन नावाची एक दरी आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी आपल्या दोन मुलींसह तेथे फिरावयास गेलेल्या एका गृहस्थास दगडधोंड्यांत एका स्त्रीचा अर्धवट जळालेला देह आढळला. तिच्या कपड्यांवरील उत्पादकांच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या होत्या. शवचिकित्सेत झोपेच्या गोळ्यांचा अंश आणि कार्बन मोनॉक्साइड वायू आढळला. श्वासमार्गात काजळीही होती. म्हणजे आग लागली तेव्हा तिचा श्वास चालू होता. पुढे बर्गनच्या रेल्वे स्थानकावर तिच्या दोन बॅगा मिळाल्या. त्यांतील कपड्यांच्या चिठ्ठ्याही काढलेल्या होत्या. एका वहीत सांकेतिक अक्षरे होती. ती उलगडली तेव्हा तिच्या प्रवासातील तारखा आणि गावे निघाली. निरनिराळ्या हॉटेलांत तिने निरनिराळी नावे लिहिली होती. अशी आठ तरी नावे पोलिसांच्या हाती लागली. त्यांतले एकही खरे ठरले नाही. ही आत्महत्या असावी, असा निष्कर्ष पोलिसांनी काढला. पुष्कळांना तो आजही पटत नाही. ती गुप्तहेर होती, अशीही चर्चा झाली. त्यानंतर या प्रकरणावर पुस्तके निघाली, कार्यक्रम झाले, तर्कवितर्कांना ऊत आला.

या साऱ्या गदारोळात एक छोटी घटना मागे पडते, ती आम्ही वाचकांसमोर ठेवू इच्छितो. नॉर्वे हा प्रामुख्याने ल्यूथरपंथीयांचा देश. तरीही 5 फेब्रुवारी 1971 रोजी बर्गनच्या मोलेनदाल दफनभूमीत या स्त्रीचा अंत्यविधी कॅथलिक पद्धतीने झाला. तिने हॉटेलांत लिहिलेल्या नावांत एलिझाबेथ, जनेव्हिएव्ह अशी संतांची नावे होती. त्यावरून ती कॅथलिक असावी, एवढाच अंदाज. दफनास कोणी आप्त नव्हते. बर्गन पोलीस दलातील सोळा जण उपस्थित राहिले. शवपेटी जस्ताची होती. देह टिकावा आणि उद्या कोणी नातलग पुढे आले, तर तो पुन्हा वर काढता यावा, हा त्यामागचा विचार. त्याच नातलगांसाठी विधीची छायाचित्रेही काढून ठेवण्यात आली.

खोट्या नावांतून त्या पोलिसांनी तिच्या श्रद्धेचा माग काढला आणि त्या श्रद्धेचा मान राखला. कदाचित त्यांचा अंदाज चुकीचाही असेल. परंतु आपल्या अज्ञानाचा आधार घेऊन हात झटकण्याऐवजी, हाती असलेल्या थोड्याशा माहितीतून तिचे जास्तीत जास्त भले करण्याचा त्यांनी प्रयत्न केला. जे नातलग कोणी पाहिले नव्हते, जे आहेत की नाहीत हेही ठाऊक नव्हते, त्यांच्यासाठी छायाचित्रे काढून ठेवणे यालाच आम्ही सातव्या दयाकृत्याचे खरे मर्म समजतो.

येथे एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. त्या स्त्रीने स्वतःच आपली ओळख पुसली असेल, तर ती उकरून काढण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? 2016 साली नॉर्वेच्या पोलिसांनी हा तपास पुन्हा हाती घेतला. तिचा जबडा जपून ठेवलेला होता. बालपणी आपण जे पाणी पितो आणि जे अन्न खातो, त्यांतील मूलद्रव्यांची खूण दातांच्या थरांत कायम राहते. त्यावरून 2017 मध्ये असे अनुमान निघाले, की तिचा जन्म 1930 च्या सुमारास जर्मनीतील न्यूरेम्बर्गच्या परिसरात झाला असावा आणि बालवयातच ती फ्रान्सकडे किंवा त्याच्या सीमेलगतच्या भागात गेली असावी. जी गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही, ती तिच्या दातांनी सांगितली. त्या वर्षांतील जर्मनीतून एक मूल सीमेकडे का गेले असेल, याची कल्पना करताना मन गलबलून येते. पण हे जाणून घेणे ही करुणा, की चोंबडेपणा?

आमच्या मते याचे उत्तर नावाच्या स्वरूपात आहे. नाव ही एकट्याची मालमत्ता नव्हे. आपल्यापैकी कोणीही आपले नाव स्वतः ठेवलेले नाही. स्नानसंस्काराच्या प्रारंभी धर्मगुरू आईवडिलांना पहिला प्रश्न विचारतात तो बाळाच्या नावाचा. नाव दुसऱ्याने दिलेले असते आणि दुसऱ्यांनी हाक मारावी म्हणूनच ते असते. जिवंतपणी एखाद्याने ते लपवले, तर त्याच्या इच्छेचा मान राखावा. मृत्यूनंतर मात्र त्या नावाचे दुसरे टोक हातात धरून बसलेल्या माणसांचाही विचार करावा लागतो. कोठेतरी एखादी बहीण, एखादे मूल वाट पाहत असते. त्यांना ‘ती गेली’ एवढे कळण्याचा हक्क आहे. तिचे सारे आयुष्य चव्हाट्यावर मांडण्याचा हक्क मात्र कोणालाही नाही. जो शोध नातलगांच्या दारापर्यंत जाऊन तेथे अदबीने थांबतो, तो दयेचा शोध. जो मृत व्यक्तीला कोडे समजून तिच्यावर करमणूक करतो, तो नव्हे.

वाट पाहणे किती जाचक असते, हे कायद्याच्या भाषेतूनही कळते. आपल्या देशाच्या कायद्यानुसार, ज्यांना एखाद्या माणसाची खबर स्वाभाविकपणे मिळाली असती, त्यांना सात वर्षे ती मिळाली नाही, तर तो मृत झाल्याचे गृहीत धरता येते. ख्रिस्तसभेचा कायदा याहून सावध आहे. कॅनन 1707 प्रमाणे जोडीदाराच्या मृत्यूचा अधिकृत दाखला नसेल, तर बिशप चौकशी करून तसे घोषित करीपर्यंत दुसरा जोडीदार विवाहबंधनातून मुक्त होत नाही. कितीही वर्षे लोटली, तरी केवळ गैरहजेरी पुरेशी ठरत नाही. एका अनोळखी देहाची ओळख पटली नाही, म्हणून एखादी स्त्री ना सधवा ना विधवा अशा अवस्थेत आयुष्य काढते. सातव्या दयाकृत्यात घेणारा केवळ मृतच असतो असे नाही, हे यावरून ध्यानात यावे.

अनोळखी मृतांसाठी जागा राखण्याची गोष्ट शुभवर्तमानातही आहे, पण ती फारशी अभिमानाची नाही. यहुदाने परत फेकलेली चांदीची तीस नाणी मुख्य याजकांना मंदिराच्या भांडारात टाकता येईनात, म्हणून त्यांनी कुंभाराचे शेत विकत घेतले, परक्यांना पुरण्यासाठी. इंग्रजी भाषिक देशांत बेवारसांच्या दफनभूमीला आजही कुंभाराचे शेत असेच म्हणतात. परक्यांना जमीन मिळाली खरी, परंतु ती नकोशा पैशाची विल्हेवाट लावण्यासाठी. तेव्हा माती देणे हे प्रत्येक वेळी दयेचेच काम असते असे नाही. कधी कधी ते नकोसे काही दृष्टीआड करण्याचेही साधन असते. याच्या अगदी उलट चित्र त्याच अध्यायात आहे. अरिमथाईकर योसेफ पिलाताकडे जातो आणि प्रभू येशूचा देह मागून घेतो. त्याचे पहिले कृत्य मातीचे नाही, मागण्याचे आहे. मग तो स्वतःसाठी खोदलेली कबर देतो.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात या दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या वाट्याला आल्या. फेब्रुवारी 1957 मध्ये तेथे एका खोक्यात चार ते सहा वर्षांच्या मुलाचा देह सापडला. त्याला मारहाण झालेली होती. शहरभर त्याची चित्रे लागली, पण त्याला कोणीही ओळखले नाही. प्रथम त्याचे दफन कुंभाराच्या शेतातच झाले. मात्र तपास करणाऱ्यांनी त्याला सोडले नाही. काही जण निवृत्त झाल्यावरही त्याचा शोध घेत राहिले. 1998 मध्ये परीक्षणासाठी त्याचे अवशेष वर काढण्यात आले आणि नंतर दुसऱ्या दफनभूमीत, दान मिळालेल्या जागेत ठेवण्यात आले. लोक त्याच्या कबरीवर खेळणी ठेवून जात. अखेर डिसेंबर 2022 मध्ये, पासष्टहून अधिक वर्षांनी, डीएनए आणि वंशावळींच्या साहाय्याने त्याचे नाव कळले. त्याचे नाव जोसेफ होते. 13 जानेवारी 2023 रोजी, तो जगता तर सत्तर वर्षांचा झाला असता त्या दिवशी, नावासह नवा दगड कबरीवर बसवण्यात आला. त्याला कोणी मारले, हे तरीही कळलेले नाही. नाव मिळणे म्हणजे न्याय मिळणे नव्हे. आणि त्याची हयात असलेली भावंडे आहेत, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. त्यांच्यासाठी ही बातमी सुखाची नक्कीच नसणार. सत्य नेहमी सांत्वन करतेच असे नाही. तरीही त्या मुलाला हाक मारता येणे हे हाक मारता न येण्यापेक्षा अधिक बरे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

आपल्याकडे अशा देहांस ‘बेवारस’ म्हणतात. शब्द नीट पाहिला, तर तो मृताबद्दल काहीच सांगत नाही. तो जिवंतांबद्दल सांगतो. वारस म्हणून कोणी पुढे आले नाही, एवढाच त्याचा अर्थ. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर 2023 या एका वर्षात अडीच हजारांच्या आसपास माणसे मरण पावली. अशा मृतांतील कित्येकांची ओळख पटत नाही. ‘अनोळखी इसम, वय अंदाजे चाळीस, बांधा मध्यम, रंग सावळा’ अशा चार ओळी आणि एक छायाचित्र, एवढीच त्यांची नोंद उरते. समुद्रकाठच्या गावांना लाटांनी आणलेला अनोळखी देहही नवा नाही. त्या प्रत्येकाला कोणीतरी कधीतरी प्रेमाने हाक मारलेली असते.

‘देवाला त्याचे नाव ठाऊक आहे,’ असे आपण म्हणतो. ही आपली श्रद्धा आहे आणि ती खरी आहे. परंतु भुकेल्याची भूकही देवाला ठाऊक असते. म्हणून आपण त्याला अन्न देण्याचे टाळत नाही. देवाचे जाणणे ही आपल्या शोधाची सुट्टी नव्हे, ती आपल्या शोधाची आशा आहे. म्हणून साध्या गोष्टींपासून सुरुवात व्हावी. घरातील वृद्ध, विस्मरण झालेली किंवा एकटी प्रवास करणारी माणसे यांच्या खिशात नाव आणि घरचा फोन क्रमांक असावा. कोणी हरवले, तर लाजेपोटी दिवस न दवडता पोलिसांत नोंद व्हावी. वर्तमानपत्रातील किंवा स्थानकावरील त्या चार ओळींवर क्षणभर नजर थांबावी. न जाणो, तो चेहरा आपल्या वाडीत कामाला येऊन गेलेला असेल. आणि 2 नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या दिवशी, आपल्या मृतांच्या नावांची यादी धर्मगुरूंकडे देताना शेवटी एक ओळ कोरी ठेवावी.

बर्गनच्या त्या स्त्रीचे नाव अद्याप कळलेले नाही. तिच्या नातलगांसाठी काढलेली छायाचित्रे न्यावयास कोणी आले नाही. तोवर त्या कोऱ्या ओळीत तिलाही जागा असू द्यावी.