वजनकाट्यासमोरची रांग

शाळेत आरोग्य तपासणी असली की व्हरांड्यात वजनकाटा मांडला जातो. मुलं हजेरीच्या क्रमाने रांगेत उभी राहतात. एकेक जण काट्यावर चढतो, एक बाई आकडा मोठ्याने सांगतात, दुसऱ्या बाई तो कार्डावर लिहितात. यात वाईट हेतू मुळीच नसतो. लिहिणाऱ्याला ऐकू जावं एवढंच. पण आठवीच्या वर्गात ‘अठ्ठावन्न’ हा आकडा व्हरांडाभर घुमला की ती मुलगी दहावीचा निरोप समारंभ होईपर्यंत अठ्ठावन्नच राहते. ‘एकतीस’वाल्या मुलाचीही तीच गत. रांगेत पुढे सरकताना बूट काढून ठेवणाऱ्या, पट्टा सोडणाऱ्या, सकाळपासून डब्याला हात न लावलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. काट्यावर अर्धा किलो कमी दिसावं म्हणून तेराव्या वर्षी उपाशी राहावंसं वाटणं ही साधी गोष्ट नाही. एक पडदा लावला आणि आकडा न बोलता कार्डावर लिहिला, तर हे सहज टळेल. त्याला पैसा लागत नाही.

त्या रांगेतली मुलं एकाच वर्गातली असली, तरी शरीराच्या वाढीत त्यांच्यात तीन-चार वर्षांचं अंतर असू शकतं. मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षी झपाट्याने वाढते, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. मुलींमध्ये उंचीच्या मागोमाग अंग भरू लागतं. मांड्या, नितंब, छाती इथे चरबी साठते. पाळी सुरू होण्याशी आणि पुढे नियमित राहण्याशी या चरबीचा जवळचा संबंध आहे. पूर्ण वयात आलेल्या निरोगी मुलीच्या वजनात साधारण चौथा हिस्सा चरबीचा असतो आणि तो तसाच असायला हवा. मुलग्यांचं वेगळं. दहा-अकराव्या वर्षी पुष्कळांचं पोट पुढे येतं, गाल भरतात. मग मिसरूड फुटण्याच्या सुमारास उंची वर जाते, खांदे रुंदावतात, स्नायू भरतात आणि चरबीचं प्रमाण आपोआप खाली येतं. मोठेपणीच्या वजनातलं जवळजवळ निम्मं वजन या मोजक्या वर्षांत अंगावर चढतं. ऐन वाढीच्या वर्षात सात-आठ किलो वाढले, तर त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

म्हणजे शरीर ज्या काळात सर्वांत वेगाने बदलत असतं आणि त्या बदलावर मुलांचा ताबा जवळजवळ नसतो, नेमकं त्याच काळात आपण त्यांच्या शरीराबद्दल सर्वांत जास्त बोलतो. हळदीकुंकू असो, साखरपुडा असो, गणपतीत घरी आलेले पाहुणे असोत. ‘अगं, किती सुटलीस!’ ‘काय रे, घरी जेवायला घालत नाहीत का?’ ‘वहिनी, आत्तापासून लक्ष ठेवा हं हिच्यावर, उद्या स्थळं बघायचीयत.’ बोलणारी मावशी मायेचीच असते, काकांच्या मनातही काही नसतं. पण ज्याच्याबद्दल बोललं जातं त्याला उत्तर देण्याची सोय नसते, कारण मोठ्यांना उलट बोलू नये हे आपणच शिकवलेलं असतं. मुलगी कसनुसं हसते आणि आतल्या खोलीत जाते. समोरच्याला बोलता येत नाही हे ठाऊक असताना त्याच्या देहावर शेरा मारणं मला अन्यायाचं वाटतं. माया असली म्हणून त्यातला अन्याय कमी होत नाही.

शिवाय त्याने वजनही कमी होत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली आपल्या डॉक्टरांसाठी जे मार्गदर्शन काढलं, त्यात हे स्पष्ट म्हटलं आहे. घरात वजनावरून बोलणं, चिडवणं आणि मुलांनी परस्पर ‘डाएट’ धरणं, या तिन्ही गोष्टींमधून पुढे लठ्ठपणाही वाढतो आणि खाण्याचे आजारही. उपयोगी पडतं ते घरच्यांनी एकत्र बसून जेवणं.

मग काळजी करायचीच नाही का? करायची, पण नीट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नव्वदच्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं, ब्रिटनमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं इतकी लहान, स्नायूही कमी, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वर्गात ज्याला सगळे काडीपैलवान म्हणतात त्याच्या पोटातही चरबी साठत असू शकते, आणि जिला जाडी म्हणून चिडवतात ती मुलगी तपासणीत ठणठणीत निघू शकते. नुसत्या डोळ्यांनी केलेलं निदान आपल्या लोकांत जरा जास्तच फसतं.

म्हणून मोजायचं, पण योग्य पट्टीने. मोबाइलवर मोठ्या माणसांचा बीएमआय काढून देणारी सोय तेरा वर्षांच्या मुलाला लागू पडत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली पाच ते अठरा वर्षांच्या आपल्या मुलांसाठी वाढीचे आलेख प्रसिद्ध केले, पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा त्या कामात मोठा वाटा आहे. मुलगा आणि मुलगी यांचे आलेख वेगळे, प्रत्येक वयाचा मापदंड वेगळा. त्यात एका दिवसाच्या आकड्याला फार किंमत नसते. वर्ष-दोन वर्षांत मुलाची रेषा कुठून कुठे सरकली, ते बघायचं असतं. काही खुणा मात्र आईबापांनी ओळखायलाच हव्यात. मानेच्या मागे किंवा काखेत काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा दिसू लागतो. आई त्याला मळ समजून साबण लावून घासत बसते, मुलीला ‘नीट अंघोळ कर’ म्हणून बोल लावते. तो मळ नसतो. शरीरात इन्शुलिनचं काम बिघडत चालल्याची ती खूण असू शकते. रात्री मोठ्याने घोरणं, सुरू झालेली पाळी महिनोन्‌महिने न येणं, हेही अंगावर काढू नये. पाळी थांबण्याचं कारण वाढलेलं वजन असू शकतं, तसंच लपूनछपून केलेली उपासमारही असू शकते. अशा वेळी मुलीशी थेट, तिला विश्वासात घेऊन बोलणाऱ्या डॉक्टरकडे जावं.

एवढं सांगून झाल्यावर आपल्या शहरांबद्दल बोलायला हवं. नववी-दहावीतल्या मुलाचा डोंबिवलीतला दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी साडेसहाचा क्लास, घरी येऊन घाईघाईत चार घास, दुपारची शाळा. शाळा सुटली की स्टेशनजवळ वडापाव नाहीतर फ्रँकी, पुन्हा क्लास. आईबाबा लोकलमधून उतरून, रिक्षाच्या रांगेतून घरी पोचतात तेव्हा नऊ वाजलेले असतात. मग जेवण, मग अभ्यास, मग मोबाइल, झोपायला बारा. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. झोप तुटली की भूक वाढते आणि मन गोड-तळलेल्याकडे ओढ घेतं. हे वेळापत्रक मुलांनी आखलेलं नाही. ते आपण आखलं, फीसुद्धा आपण भरली, आणि त्याचा परिणाम अंगावर दिसू लागला की ‘जिभेवर ताबा नाही’ असं आपण मुलालाच म्हणतो.

खेळायला जागा म्हणाल तर ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियम, कल्याणात सुभाष मैदान, डोंबिवलीत सावळाराम महाराज क्रीडा संकुल. लाखोंच्या वस्तीला मोठी मैदानं बोटांवर मोजण्याइतकी. उरली सोसायटीची आवारं. तिथे गाड्या लागलेल्या असतात आणि भिंतीवर पाटी असते, ‘आवारात बॉल खेळण्यास सक्त मनाई’. त्या ठरावाला हात वर करणारे आपणच होतो. राज्य सरकारने २०१७ साली शाळेच्या उपाहारगृहांत जंक फूड ठेवू नये असा निर्णय काढला, २०२० च्या केंद्राच्या नियमाने शाळेपासून पन्नास मीटरपर्यंत अशा पदार्थांच्या विक्रीला मनाई केली. तुमच्या शाळेच्या फाटकापासून पन्नास पावलं चालून बघा.

लोकलच्या याच रुळांवर कल्याणच्या पुढे गेलं, आसनगाव, कसाऱ्याकडे, की शहापूर तालुक्यातले आदिवासी पाडे लागतात. तिथल्या मुलामुलींच्या अंगावर वाढीच्या वयातही मांस धरत नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातली २४ टक्के किशोरवयीन मुलं हडकुळी आढळली, जादा वजनाची ५ टक्के. शहरातल्या वर्गातही हे दोन्ही एकाच बाकावर बसलेले असतात. ‘बारीक आहे ते बरं’ असं समजून हडकुळ्या मुलीकडे दुर्लक्ष करणारी घरं काही कमी नाहीत, आणि तिच्या रक्तातलं लोह किती आहे हे कुणी विचारत नाही.

मला सर्वांत जास्त टोचते ती मात्र वेगळीच गोष्ट. पाचवी-सहावीपर्यंत लंगडी, खो-खो, लगोरी खेळणाऱ्या मुली सातवी-आठवीत मैदानावरून नाहीशा होतात. त्यांना खेळ नकोसा झालेला नसतो. धावताना छाती हलते, मुलं बघतात, कुणी काही बोलतं. पाळीचे दिवस, त्यातून शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी नाही. आणि घरी कुणाच्या हे ध्यानातच आलेलं नसतं की या मुलीला आता धावण्यासाठी वेगळी, घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा लागणार आहे. आई संकोचते, बाबांना विचारायचा प्रश्नच नाही, मुलगी ‘पाय दुखतो’ म्हणून बाहेर बसते. जिची हाडं आणि स्नायू आत्ता बळकट व्हायचे ती या कारणासाठी बसून राहते, आणि दोन वर्षांनी तिचं अंग सुटलं म्हणून तिलाच बोलणी बसतात. बारा-तेराव्या वर्षी तिला दुकानात सोबत नेऊन तिच्या मापाची ब्रा घेऊन देणं, पालकसभेत त्या कडीचा विषय काढणं, नववीचा खेळाचा तास गणिताला जाऊ न देण्याचा आग्रह धरणं, संध्याकाळी क्लासच्या दोन तुकड्यांच्या मध्ये तिला तासभर मैदानावर सोडायला स्वतः जाणं, ही कामं आईची तेवढीच बाबांची आहेत. ती याच जूनपासून करता येतील.