ऐंशी जागा

ग्रामीण भागातील बुद्धिमान मुले हुडकून त्यांच्या शिक्षणाची तजवीज सरकारने स्वतःच्या खर्चाने करावी, ही कल्पना आपल्याकडे आजची नव्हे. मधुकरराव चौधरी शिक्षणमंत्री असताना, एकोणिसशे साठच्या दशकात, महाराष्ट्राने शासकीय विद्यानिकेतने काढली. पुढे 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नवोदय विद्यालयांच्या रूपाने तोच विचार जिल्ह्याजिल्ह्यांत नेला, आणि तत्पूर्वी प्रयोगादाखल उघडलेल्या दोन विद्यालयांपैकी एक हरियाणातील झज्जरला, तर दुसरे आमच्या अमरावतीलाच होते, ही गोष्ट वैदर्भीय माणूस जरा छाती फुगवूनच सांगतो.

नागपूर जिल्ह्याचे नवोदय पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीला, म्हणजे उमरेडहून पाहता जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. कोळसा खाणीत राबणाऱ्या मजुराचे, रेशीमकाठी धोतरांसाठी एके काळी नावाजलेल्या उमरेडच्या एखाद्या कोष्टी घरातले, किंवा भिवापूरच्या बाजूला मिरची तोडायला जाणाऱ्या बाईचे मूल तेथे पोहोचायचे, तर पाचवीत असतानाच त्याने दोन तासांत ऐंशी प्रश्न सोडवले पाहिजेत. शंभरांपैकी पन्नास गुण बौद्धिक चाचणीच्या आकृत्यांना, उरलेले गणिताला व भाषेला. आणि दुसऱ्यांदा बसण्याची मुभा नाही. जागा साऱ्या जिल्ह्याला मिळून फार तर ऐंशी. त्यांतल्या किमान पंचाहत्तर टक्के ग्रामीण मुलांना व एकतृतीयांश मुलींना राखलेल्या, शिवाय राहण्याजेवणाचा खर्च सरकारचा. योजना न्यायबुद्धीने आखलेली आहे, आणि तिने पुष्कळ घरांचे दैन्य फिटले हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

तरीही परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकाशी घटकाभर उभे राहिले, की या निवडीविषयी मन साशंक होते. वर्षभर खास शिकवणी लावलेला मुलगा सराईतपणे आपली दोन्ही पेने तपासून घेत असतो, आणि ‘एकही गोल खाली नको ठेवू, चुकलं तरी मार्क कटत नाही,’ असे त्याचा बाप त्याला बजावीत असतो. बाजूलाच, सरांनी आपल्या गाडीवर मागे बसवून आणलेली, दोनशिक्षकी शाळेतली एक मुलगी प्रवेशपत्राची घडी घट्ट धरून उभी असते, जिने तसला गोल आजवर रंगवलेलाच नसतो. या दोघांच्या गुणांत जो फरक पडेल तो बुद्धीचा किती आणि बापाच्या माहितीचा किती? अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ टर्मन यांनी 1921 पासून हजारावर मुले बुद्धिमापन कसोट्यांनी निवडून त्यांचा आयुष्यभर माग ठेवला. निवडलेल्यांपैकी कोणालाही नोबेल पारितोषिक मिळाले नाही, मात्र त्याच चाळणीतून गळालेल्या शॉक्ली आणि अल्वारेझ या दोघांना ते मिळाले.

परंतु चाळणीच्या दोषांपेक्षा मला अधिक खुपते ते निराळेच. जिल्ह्यातील इतर शाळांना आपल्या अनुभवाचा व साधनांचा वाटा देऊन त्यांचा दर्जा उंचावण्याचे केंद्र नवोदयने व्हावे, हे त्याच्या मूळ उद्दिष्टांतलेच एक कलम आहे. त्याची विचारपूस कोणी करीत नाही. निकालादिवशी गावात पुसतात ते ‘किती लागले’ एवढेच. मूल हेरणाऱ्या गुरुजींना शाल-श्रीफळ मिळते, आणि नवे सत्र उघडताच नेमके प्रश्न विचारणारे तेच मूल त्यांच्या शाळेतून गेलेले असते. त्याच्या प्रश्नांनी इतरांना जे आपसूक शिकायला मिळे तेही त्याच्यामागून जाते, पण ही तूट कोणत्याही दप्तरात चढत नाही. दोन गुणांनी हुकलेल्याच्या वाट्याला तर काहीच येत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की जिल्हा परिषदेच्या केंद्रशाळेत, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर, कोणतीही परीक्षा न घेता, हौस असेल त्या प्रत्येक मुलाला बसू द्यावे. खाणीच्या उघड्या कड्यात दिसणारे थर कसे साचले, हातमागावर ताण्याचे धागे कसे मोजतात, असल्या प्रश्नांशी त्याला झुंजू द्यावे. याला नवी इमारत नको. पाहिजे तो मास्तरांचा मोकळा वेळ, आणि नेमका तोच मतदारयाद्या, पोषण आहाराचे हिशेब व रोजची ऑनलाइन माहिती यांत सरकार खर्चून टाकते. नवेगाव खैरीचे विज्ञानशिक्षक महिन्यातून एकदा उमरेडला आले, तर त्यांचा प्रवासभत्ता केंद्राच्या खात्यातून द्यायचा की जिल्हा परिषदेच्या, एवढ्यावर वाद घालण्याची पाळी आली तरी मी ती प्रगतीच समजेन.