कॉम्प्रेशन कुणाचं?

जुन्या मॉडेल विमानाच्या इंजिनात कॉम्प्रेशन उरलंय का, हे बघायला प्रोपेलर बोटानं हळू फिरवतात. पिस्टन वर येताना बोटाला अडवणूक लागते. तिथंच धरून ठेवलं की ती टिकते, नाहीतर झिरपून जाते. सिलिंडरच्या आत कुणी पाहत नाही. खुणेवरून आतलं ठरवायचं, म्हणजे अनुमान. आणि अनुमान म्हटलं की मी अन्नंभट्टाचा न्यायशास्त्रावरचा तर्कसंग्रह काढतो. मुंबई संस्कृत मालेतली १८९७ ची, आठल्ये-बोडसांची आवृत्ती.

शेजारचा मुलगा एनसीसीच्या एअर विंगमध्ये आहे. कंट्रोल लाइनच्या विमानासाठी त्यानं गुरंदी बाजारातून अडीच सीसीचं डिझेल इंजिन आणलं. म्हणाला, "आजोबा, कॉम्प्रेशन एकदम टाइट है!" जबलपूरचं मराठी असंच, वाक्य संपेपर्यंत हिंदीत पोचतं.

मी व्हेइकल फॅक्टरीच्या तपासणी विभागात होतो. शक्तिमान ट्रक पास करताना लागलेली सवय अजून आहे: ताकद दिसली की ती कुठून आली, ते आधी विचारायचं. या छोट्या डिझेलला प्लग नसतो. ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण नुसत्या दाबानं पेटतं. पिस्टन लोखंडी, त्याला रिंग नाही. लायनरशी घासून बसवलेला, मधली फट काही मायक्रॉनची. ती फट झिजून वाढली तरी घट्ट एरंडेल तिला बुजवतं. शिवाय डोक्यावरचा स्क्रू आवळला की वरचा कॉन्ट्रा पिस्टन खाली सरकतो, दाब वाढतो, आणि गळती तशीच राहते. विकणाऱ्याला दोन्ही ठाऊक असतं. त्यात जानेवारीतली सकाळ, एरंडेल आणखी दाट.

नैयायिक म्हणतात, धूर तिथे अग्नी हे ठीक. पण अग्नी तिथे धूर, हे ओल्या सरपणाशिवाय खरं होत नाही. ते सरपण म्हणजे उपाधी. इथे उपाधी एरंडेलाची. 'बोटाला अडवणूक, म्हणून इंजिन चांगलं' हे तेल धुतल्यावरही टिकतं का, तेवढंच बघायचं. आम्ही रॉकेलनं धुतलं, वाळू दिलं, स्क्रू सैल केला. अडवणूक निम्म्यावर आली. पातळ तेलाचे दोन थेंब सोडले तशी परतली, आणि धरून ठेवल्यावर एक्झॉस्टच्या खिडकीत, पिस्टनच्या कडेला, बुडबुडे आले. वर कॉन्ट्रा पिस्टनपाशी काही नाही. म्हणजे वारा पिस्टनच्या बाजूनं जातो. तरी मी चालवून बघायला लावलं. थंड असताना प्रोपेलरच्या दोन फटक्यांत सुरू झालं, तापल्यावर मंदावून बंद पडलं आणि गरम असेतो पुन्हा लागलं नाही. गरम एरंडेल पातळ होतं, फट उघडी पडते.

हीच कसोटी मी स्वतःलाही लावतो. ग्वारीघाटावर नर्मदेच्या आरतीला माझं मन शांत होतं. आमच्या भजनी मंडळात हे साधनेचं फळ मानतात. मी मानत नाही. झांजा, दिवे, गर्दी, नदीवरचा वारा धुऊन काढल्यावर काय उरतं, हे रांझीच्या रस्त्यावर मागून हॉर्न वाजला की कळतं. माझ्या बाबतीत फारसं उरत नाही. शांती खोटी असते असं मी म्हणत नाही. इंजिन तेलानं चालतंच की. ती शांती माझी आहे, एवढं मात्र सिद्ध होत नाही.

अनुमान न मानणारा चार्वाक विचारेल, एक उपाधी काढलीस, दुसरी नसेल कशावरून? दहाव्या शतकातल्या नैयायिक उदयनाचं उत्तर मला आवडतं: शंका तिथवरच घ्यावी, जिथवर तुमचं स्वतःचं वागणं तिला खोटं पाडत नाही. श्रीहर्षानं खंडनखंडखाद्यात तेच उत्तर उलटवून त्याच्यावर फेकलं.

पिस्टनला रिंग घालायची सोय नाही. नवा पिस्टन लॅप करून घ्यावा लागणार, असं मी सांगितलं. मुलाला पटलं. "इसमें दम नहीं बचा," म्हणत त्यानं शेवटचा फटका मारून बघितला, पण बोटाऐवजी लाकडी दांडीनं, पेटलंच तर बोट वाचावं म्हणून. अनुमान मान्य करूनही त्यानं दांडी घेतली, ती उदयनाच्या बाजूनं की श्रीहर्षाच्या, यावर मी अजून अडलोय.