लेकुरवाळीच्या चालीने

उत्पत्तीच्या ३३ व्या अध्यायात याकोब व एसाव हे बंधू पुष्कळ वर्षांनी भेटतात. एसाव म्हणतो, आपण बरोबरच वाट चालू. परंतु याकोबाची मुले कोवळी होती व कळपात दूध पाजणाऱ्या माद्या होत्या. एक दिवस जरी त्यांस फार हाकले, तरी कळप मरेल, हे तो जाणत होता. म्हणून त्याने त्यांच्या चालीने चालण्याचे ठरविले. गुरामेंढरांसाठी धनी इतका जपतो, तर गरोदर मातेसाठी आपण किती जपावे बरे?

ही दया केवळ धन्याच्या मर्जीवर राहू नये, म्हणून कायदे झाले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. भीमराव आंबेडकर यांनी प्रसूतीलाभाच्या विधेयकाची बाजू घेतली. मातेस विश्रांती मिळणे हे सर्व देशाच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली तो कायदा झाला. १९३० साली मध्य प्रांतानेही असाच कायदा केला. पुढे १९६१ साली सर्व देशासाठी कायदा झाला, आणि त्यातील संरक्षण २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतले आहे.

उपदेशकांनी हे नियम मंडळीस समजावून सांगावे. कारखान्यात, किंवा दहा अथवा अधिक माणसे असलेल्या दुकानात वा संस्थेत जी स्त्री प्रसूतीपूर्वीच्या वर्षात ८० दिवस राबली, तिला पगारी रजेचा हक्क आहे. पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा २६ आठवड्यांची आहे. प्रसूतीनंतर सहा आठवडे तिला कामास लावू नये. ती रजेवर असता तिला काढून टाकणे बेकायदेशीर होय. रोजंदारीच्या स्त्रियांसही हा लाभ मिळावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्लीच्या हजेरीपटावरील कामकरणींच्या दाव्यात दिला. म्हणून भगिनींनो, गरोदर आहा एवढ्यावरून कोणी राजीनामा मागितला, तर भिऊन अंगठा देऊ नका.

परंतु आपल्या वाशीम जिल्ह्यात पुष्कळ भगिनी शेतात राबतात. निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, हे त्यांचे काम. आणि तेथे हा कायदा बहुधा बांधावरच थांबतो. पहिल्या बाळंतपणासाठी पात्र मातेस प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये मिळतात, त्यासाठी अंगणवाडीत नाव नोंदवावे. तथापि तेवढ्याने बुडालेली मजुरी भरून येत नाही.

येथे आमची परीक्षा आहे. काम उक्ते घेतले म्हणजे मुकादमच नव्हे, तर सोबतच्या बायाही जड पावलांच्या स्त्रीस टोळीत घेण्यास कुरकुरतात. तिची पात मागे राहते, आणि वाटा मात्र सारखा द्यावा लागतो. आम्ही म्हणतो, तिची पात आपण मिळून पुरी करावी. मुकादमाने तिला हलके काम द्यावे. सासूने व नवऱ्याने तिला ओझे उचलू देऊ नये. मंडळीने बाळंतिणीच्या घरी धान्य पोहोचवावे. कायदा जेथे थांबतो, तेथून पुढची वाट शेजारधर्माची आहे. ती वाट आपण लेकुरवाळीच्या चालीने चालू या.