परक्याचे पान

दिवाळीत घरोघर पाने मांडली जातात. किती पाने मांडायची हा प्रश्न साधा दिसतो. पण घर म्हणजे काय, याचे उत्तर त्या मोजणीत दडलेले असते. कुणाचे पान न विचारता मांडले जाते, कुणाचे आग्रहाने; आणि एखादे पान आतल्या खोलीत नेऊन दिले जाते. हे आतले पान बहुधा थकलेल्या आजोबांचे, नाही तर मनाने अधू असलेल्या एखाद्या काकाचे वा आत्याचे असते. पाहुणे आले की त्या खोलीचे दार हलकेच लोटून घेतात.

अशा माणसाला सांभाळावे कुणी? आपले उत्तर ठरलेले आहे : रक्ताच्या नातेवाइकांनी, त्यांना जमले नाही तर संस्थेने. परक्या कुटुंबाने सांभाळावे, असे कुणी म्हटले तर आपण हसू. पण हे हसण्यासारखे उत्तर एका गावाने शतकानुशतके खरे करून दाखविले आहे. ते गाव म्हणजे बेल्जियममधले गेल.

गेलची कथा एका दंतकथेपासून सुरू होते. डिम्फ्ना नावाच्या आयरिश राजकन्येची आई वारली आणि बाप दुःखाने भ्रमिष्ट झाला. मुलीत त्याला मृत राणी दिसू लागली. तो मुलीशीच लग्न करायला निघाला. ती समुद्र ओलांडून गेलला पळाली. बापाने तिथे गाठून तिचा शिरच्छेद केला. पुढे ती वेड्यांची कैवारी संत ठरली. तिच्या नावाचे मोठे चर्च चौदाव्या शतकात उभे राहू लागले आणि दूरदूरचे लोक आपली वेडी माणसे घेऊन नऊ दिवसांच्या अनुष्ठानासाठी येऊ लागले. चर्चला लागून त्यांच्यासाठी जागा होती, ती अपुरी पडे. मग यात्रेकरू गावकऱ्यांच्या घरी उतरत. पंढरपूर पाहिलेल्या माणसाला हे नवे नाही. नवे ते पुढचे. नऊ दिवस संपले तरी पुष्कळजण बरे होत नसत. त्यांना घेऊन आलेले नातलग निघून जात आणि ते मात्र त्याच घरांत राहत, शेतावर राबत, चुलीशी बसत.

१८५० च्या सुमारास बेल्जियम सरकारने या प्रथेला कायद्याची चौकट दिली. पाठोपाठ देखरेखीसाठी डॉक्टर आणि रुग्णालय आले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे साडेतीन हजारांवर लोक गावातल्या घरांतून राहत होते. गावकरी त्यांना रोगी म्हणत नाहीत. त्यांचा शब्द आपल्या खाणावळीतल्या ‘मेंबर’च्या जवळचा आहे : पैसे देऊन जेवणारा-राहणारा. रोगाचे नाव काय, हे यजमान कुटुंबाला सांगण्याची रीत नाही. औषधाची चिंता डॉक्टरांनी करावी. घराने फक्त घर द्यावे. एका घरात कुणी तीस-चाळीस वर्षे राहतो. यजमानीण थकली की तिची लेक त्याला आपल्या घरी नेते.

अशाच एका घरची हकिकत नोंदली गेली आहे. तिथला राहणारा रोज आपल्या सदऱ्याची बटणे पिळून तोडी. यजमानीण रोज रात्री ती पुन्हा शिवी. पाहायला आलेल्या एका बाईने सुचविले, की मासे धरायच्या दोऱ्याने शिवा, म्हणजे तुटायची नाहीत. यजमानिणीला ते मुळीच पटले नाही. त्या माणसाला बटणे तोडण्याची गरज आहे, असे तिचे म्हणणे.

आम्हां कादंबरीकारांना वेडा माणूस फार सोयीचा असतो. शेवटच्या प्रकरणात तो एक तर बरा होतो, नाही तर मरतो. संसारात तिसरेच घडते : तो तसाच राहतो, आणि उद्या सकाळी त्याला चहा लागतो. त्या बाईने हे तिसरे सत्य स्वीकारले होते.

इथे वाचक विचारतील : पण ही माणसे पैसे घेतात ना? मग ती कसली माणुसकी? प्रश्न खरा आहे. सरकारकडून या कुटुंबांना थोडाबहुत मोबदला मिळतो. जुन्या काळी शेतीला फुकटचे दोन हातही मिळत. गेलच्या आसपासची जमीन रेताड, शेतकरी गरीब. त्यांना त्या हातांची गरज होती. जिथे गरज तिथे पिळवणूकही शिरू शकते; म्हणून तर देखरेख लागली. पण मला विचाराल तर, पैशाने माणुसकी बाटते हा आपला एक सोवळा समज आहे. मी पगार घेतो म्हणून मुलाच्या पाठीवर ठेवलेला माझा हात खोटा ठरत नाही. पैशाने दार उघडते. आत गेल्यावर काय होते ते पैशाच्या हाती नसते. उलट, पैसे देणाऱ्याला एक ताठ कणा असतो. तो आश्रित नसतो. आपल्याकडे वार लावून जेवलेल्या मुलांना पुढे आयुष्यभर काय बोचले? भूक नव्हे, उपकार.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. परका जे करू शकतो ते रक्ताच्या माणसाला का जमू नये? प्रेम कमी म्हणून? नव्हे; अपेक्षा जास्त म्हणून. शाळेत मी हे नेहमी पाहतो. घरी ज्याला ‘मठ्ठ’ म्हणतात तो मुलगा वर्गात शहाण्यासारखा वागतो, कारण तो असा निघाला याची मला लाज वाटत नसते. भाऊ वेड्या भावाकडे पाहतो तेव्हा त्याला पूर्वीचा हुशार भाऊ आठवतो. मुलगा विसराळू आईत तिच्या जुन्या दराऱ्याला शोधतो. परक्याला समोरचा आहे तेवढाच माणूस दिसतो. आपल्या माणसाला थोडे परक्याच्या नजरेने पाहता आले, तर पुष्कळ आतल्या खोल्यांची दारे उघडतील.

गेलमध्येही आता असे राहणारे दोनशेच्या आतच उरले आहेत. शेते कमी झाली, बायका नोकरीला जाऊ लागल्या, नवी औषधे आली. २०२३ मध्ये युनेस्कोने या प्रथेची दखल घेतली. पण गौरव झाला म्हणून यजमान वाढत नाहीत. आपल्याकडे २००७ च्या कायद्याने मुलांवर आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी घातली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर स्पष्ट म्हटले, की घर नाही किंवा घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणासाठी कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. कायदा चांगला आहे. पण बाहेर पडून त्याने जावे कुठे? कायदा दार उघडायला लावील. ‘या, बसा’ म्हणायला लावू शकणार नाही.

आपण सारे एकदम गेलकर होणार नाही. मीही होणार नाही. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आयुष्यभराचा पाहुणा ठेवा, असे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण शेजारच्या त्या लोटलेल्या दाराआड एक माणूस असतो, आणि त्याला सांभाळून थकलेली एक बाईही असते. तिला जाऊन म्हणता येईल, “वहिनी, आज दुपारी काकांना आमच्याकडे बसू द्या. तुम्ही बाजार करून या.” काका कदाचित एकच गोष्ट चारदा सांगतील. चारही वेळा ऐकावी. बरे करण्याची जबाबदारी आपल्यावर नाही. ऐकण्याची मात्र घेता येते.